खारे सांडपाणी आणि किण्वाचे साहाय्य

खानदेशची शेती आणि उद्योग तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या आधारे वाढले आहेत. चांगदेवजवळ तापीला मिळणारी पूर्णा तर वऱ्हाडातील खारपाणपट्ट्यातून वाहत येते. त्यामुळे पाण्यातील क्षारांचा प्रश्न या भागाला अपरिचित नाही. खाद्यतेलाचे शुद्धीकरण आणि सुती कापडाची रंगणी यांतून क्षारयुक्त सांडपाणी निघते. ते प्रक्रियेवाचून नाल्यात गेल्यास विहिरी आणि काळी जमीन या दोहोंना अपाय होतो.

सांडपाणी शुद्ध करण्याचे काम सामान्यतः जीवाणूंकडून करवून घेतले जाते. पाण्यात मीठ वाढले, की जीवाणूंच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि ते निष्प्रभ होतात. थंडीतही त्यांचे कार्य मंदावते. अशा वेळी काही जातींची किण्वे, म्हणजेच यीस्ट, उपयोगी पडतात. ती पेशींत ग्लिसरॉल साठवून मिठाचा ताण सोसतात आणि विकरांच्या साहाय्याने तेल व चरबी यांचे विघटन करून त्यावर वाढतात.

शीतप्रिय किण्वे शून्य अंशाच्या आसपासही वाढू शकतात. अंटार्क्टिकातील अशाच एका किण्वाचा उपयोग दुग्धव्यवसायाच्या सांडपाण्यातील चरबीचे विघटन करण्यासाठी करता येईल, असे जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखविले. तथापि, यांपैकी अनेक किण्वे २० अंश सेल्सिअसच्या वर तग धरीत नाहीत. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. म्हणून येथे त्यांची जशीच्या तशी आयात व्यर्थ ठरेल. पाणी आणि हवामान पाहून किण्व निवडणे, हाच यातील बोध होय.

असे उष्ण प्रदेशातील उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या तेलदूषित समुद्रजलातून ‘यारोविया लिपोलिटिका’ या किण्वाचा एक वाण वेगळा करण्यात आला. पुणे येथील राष्ट्रीय संग्रहात त्याचा क्रमांक ३५८९ आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पामतेल कारखान्याच्या सांडपाण्याची रासायनिक प्राणवायू-मागणी लिटरला सुमारे २,५०,००० मिलिग्रॅम होती. या किण्वामुळे ती दोन दिवसांत सुमारे ९५ टक्क्यांनी घटली.

मात्र दोन मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. किण्व सेंद्रिय प्रदूषण घटविते, पाण्यातील मीठ काढून टाकीत नाही. शिवाय वाढलेल्या किण्वाचा गाळ वेगळा करून त्याची योग्य विल्हेवाट लावावीच लागते. म्हणून हे किण्व नदीत वा विहिरीत टाकण्याचे औषध नव्हे. त्याचे स्थान कारखान्याच्या आवारातील प्रक्रिया-टाकीत आहे.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. कोमट साखरपाण्याच्या दोन बाटल्यांत पावाचे यीस्ट घालावे, एकीत भरपूर मीठही मिसळावे आणि दोन्हींच्या तोंडांवर फुगे बसवावेत. मीठ नसलेल्या बाटलीवरील फुगा अधिक फुगेल. प्रत्येक किण्व मीठ सोसत नाही, हे मुलांना त्यावरून उमगेल.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, तर केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा आहे. सांडपाणी शेताला देण्याचा प्रस्ताव आल्यास पंचायत सदस्यांनी क्षार आणि प्राणवायू-मागणी या दोहोंचा तपासणी अहवाल मागावा. पाणी स्वच्छ दिसले, एवढ्याने ते पिकास योग्य ठरत नाही. विज्ञान साहाय्य करील, पण दूषित पाणी उगमापाशीच अडविण्याचे कर्तव्य समाजाचेच राहील.