बिऱ्हाड हलवताना

नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं, की लोक आधी ट्रकचं भाडं विचारतात. खरी ओढाताण होते ती नव्या घराची अनामत, दलाली आणि पहिलं भाडं एकदम मोजताना. ती रक्कम आधी बाजूला काढा. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला घरी बोलावून सामान दाखवा. मजला, लिफ्ट, जीएसटी, विमा सगळं धरून भाव लेखी घ्या. जुनं लोखंडी कपाट इथेच विकलेलं बरं, आजी रागावल्या तरी! गॅस एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून अनामत व ट्रान्सफर व्हाउचर घ्या, शेगडी आपलीच. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखलेही वेळेत मागा. आणि महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवावाच लागतो. ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे.