वाद्य लागत असताना

आज चर्मवाद्यांविषयी बोलायचं आहे; तालाविषयी नाही. मात्रा, खंड, टाळी-खाली शिकवणारे जाणकार कोल्हापुरात पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते ताल सुरू होण्याआधीच्या वेळाविषयी. तबलजी हातोडी घेऊन ठोकाठोक करतो, पखवाजवाला कणीक थापतो, हलगीवाला जाळावर हलगी धरतो, तो वेळ. तेवढ्यात आपण शेजाऱ्याची ख्यालीखुशाली विचारून घेतो, कुणी चहाला उठतो. मला याचा फार राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

गाण्याच्या बैठका होतात तो आपला देवल क्लब १८८३ सालचा. तिथल्या बैठकीला कधी लवकर जाऊन पुढे बसा. तबलजी गायकाचा षड्ज कानात धरतो आणि चाटेवर बोट टाकत, तबला फिरवत, एकेक घर तपासतो. अशी सोळा घरं. गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणलेल्या वादीवर, वरून हातोडी बसली की स्वर चढतो, खालून बसली की उतरतो. एक घर चढवलं की दुसरं जरा हलतं, म्हणून फिरून तिथंच यावं लागतं. सुरुवातीला आवाजात एक थरथर असते. घरं जुळत आली की ती कमी होत जाते, आणि मग ‘ना’ वाजतो तो तंबोऱ्यातच विरघळतो. एवढं ऐकू आलं की पुढची बैठक निम्मी कळली म्हणा.

हे जुळतं ते मधल्या काळ्या शाईमुळे. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी फटकून असतात. लोहकीस आणि खळ घोटून लावलेली शाई त्यांना रांगेत आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं. त्यातलं गणित आज सोडून देऊ. पखवाजाच्या डाव्या तोंडावर शाई नसते, तिथं दर वेळी ओली कणीक लावतात. कणीक वाढवली की आवाज खाली जातो, खरवडून काढली की वर येतो. सप्ताहात कीर्तन उभं राहण्याआधी मृदंगवाला कणकेची चिमूट लावतो, काढतो, पुन्हा लावतो, ते बघत बसावं.

पण खरं सांगू? माझा जीव हलगीत आहे.

हलगीला शाई नाही, गठ्ठे नाहीत, हातोडी नाही. एका कड्यावर ताणलेलं कातडं, मागची बाजू उघडी. हवेतला ओलावा पिऊन कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. उपाय एकच, जाळ. आपल्याकडे उसाचं पाचट आयतं मिळतं, नाहीतर रद्दी. लहानपणी आबांबरोबर खासबागेत कुस्त्या बघायला जायचो. शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं ते मैदान असं बांधलंय, की कुठंही बसा, आखाडा दिसतो. आबांचं लक्ष पैलवानांच्या जोडीकडे आणि माझं कडेला चाललेल्या जाळाकडे. हलगीवाला हलगी जाळावर सारखी फिरवत राहायचा. एका जागी धरली की कातडं करपतं. मधेच काढून टिपरू मारायचा, कान तिरका करायचा, पुन्हा जाळावर. पहिला आवाज भद्द यायचा, पुढचा जरा उघडा, आणि असं करता करता एकदम कडाड्! आबा आखाड्यावरची नजर न काढता म्हणायचे, “आता लागली बघ.”

मग घुमकं आणि कैताळ सोबतीला यायचं. पण तुम्ही हलगीवाल्याच्या डाव्या हाताकडे बघा. उजव्या हातातल्या टिपराकडे सगळेच बघतात. डाव्या हातातली बारीक काडी आणि कातड्याला टेकणारी बोटं आवाज कधी मोकळा सोडतात, कधी दाबून तोडतात. पैलवान नुसते खडाखडी करत असतील तेव्हा आवाज आखूड हवा. डाव पडला की मोकळा. आवाज कुठं थांबवायचा हे ज्याला कळतं तो वादक मोठा, असं माझं मत आहे.

आता फायबरच्या पानाच्या हलग्या आल्यात. त्या तापवाव्या लागत नाहीत. कोल्हापूरच्या पावसात गणपतीची मिरवणूक रात्रभर वाजवायची तर कातडं टिकत नाही, हे मला मान्य आहे. वाजवणाऱ्याचं पोट त्यावर आहे. पण फायबरचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखाच टणटणतो. तापलेली हलगी वाजता वाजता हळूहळू उतरते, वादक ते ओळखून हात बदलतो, आणि शेवटी पुन्हा जाळाकडे जातो. फायबरमध्ये ही गंमतच उरत नाही. त्यावर चार कर्णे लावले की डावा हात तर संपलाच.

आणखी एक. हे भाषण मोबाइलवर ऐकत असाल तर एक लक्षात ठेवा, एवढ्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा पुरता येत नाही. फोनवर तबला ऐकून ‘छान वाजवलाय’ म्हणणारे लोक बहुतेक फक्त उजव्या हाताबद्दल बोलत असतात. निदान एकदा चांगल्या स्पीकरवर ऐका, नाहीतर सरळ बैठकीला या.

आणि यंदा खासबागेत किंवा गावच्या जत्रेत मैदान असेल तर पहिली कुस्ती लागायच्या अर्धा तास आधी जा. हलगीवाले जिथं जाळ करतात तिथं उभे राहा, वाऱ्याच्या बाजूला नको. फोटो नंतर काढा.