संघटनेची घटना आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



मी बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, की बाई पाळीबद्दल नाहीतर गर्भपिशवीच्या ऑपरेशनांबद्दल बोलतील. ते मी नेहमी बोलतेच. आज मी एका रुक्ष विषयावर बोलणार आहे. आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेची नियमावली, म्हणजे तिची घटना. तुमच्यापैकी कुणी पतसंस्थेच्या सभासद आहेत, कुणी शिक्षक संघटनेच्या, कुणी वकील संघाच्या. म्हणून हे फक्त डॉक्टरांपुरतं आहे असं समजू नका.

मी संघटनेची सभासद झाले ती लग्नानंतर लगेच. नवराही त्याच विषयातला डॉक्टर. फॉर्मवर ‘जोडपे-सभासद’ असा एक रकाना होता, वर्गणीत सूट होती, आम्ही तो भरला. पुढची कितीतरी वर्षं सभेची सूचना त्याच्या एकट्याच्या नावानं यायची. सभा शनिवारी रात्री नऊ वाजता हॉटेलात, आधी व्याख्यान, मग जेवण, आणि जेवणाच्या पानावर निवडणूक. ‘बिनविरोध’ म्हणून टाळ्या वाजवल्या की संपली. तो जायचा, मी थांबायची. दवाखान्यात बाळंतीण असली तर कुणीतरी थांबायला हवंच ना! ते कुणीतरी नेहमी मीच कशी, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही, हे इथं कबूल करते.

आमचे १४० सभासद, त्यात निम्म्याहून थोड्या कमी बायका. पण अध्यक्षांच्या फोटोंच्या रांगेत एकही बाई नव्हती. आमच्याकडे काय असायचं? पाहुण्यांचं स्वागत, पुष्पगुच्छ आणि सूत्रसंचालन.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. २०१६ साली एक तरुण डॉक्टर माझ्याकडे आली. एम.डी. होऊन वर्ष झालं होतं. एका वरिष्ठ सभासदाच्या दवाखान्यात ती रात्रपाळीला जात होती. ऑपरेशन चालू असताना बोलणं, मुद्दाम अंगाला अंग लावणं, नंतर रात्री फोन. ती रडत नव्हती. तिनं सरळ विचारलं, “मॅडम, मी तक्रार कुणाकडे करू? दवाखाना त्यांचाच आहे.”

मी तिला घेऊन अध्यक्षांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “आपण आपसात मिटवू. उगाच पेशाची बदनामी नको.” मी म्हटलं, नियमात काय आहे ते बघू. नियमावली शोधायला सचिवांना दोन आठवडे लागले. टाइप केलेली, इंग्रजीतली अकरा पानं. ती मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली. सभासद होऊन मला तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

वर्गणी थकली तर काय करायचं यावर त्यात अर्धं पान होतं. एका सभासदाने दुसऱ्या सभासदाचा छळ केला तर काय करायचं यावर एक ओळही नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, आणि स्त्रीच्या तक्रारीला जागा नाही! उलट एक कलम असं होतं, की संघटनेच्या हिताविरुद्ध वागणाऱ्या सभासदाला कार्यकारिणी काढून टाकू शकते. हित म्हणजे काय, ते कोण ठरवणार, त्या सभासदाचं म्हणणं ऐकायचं की नाही, यावर काही नाही. म्हणजे तिनं तोंड उघडलं असतं तर ते कलम तिच्यावरच चाललं असतं.

त्या वेळी आम्हाला कायदाही नीट माहीत नव्हता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यात खासगी दवाखाने येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते. माणसं त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. हे आम्हाला कळेपर्यंत ‘आपसात मिटवण्यात’ ते महिने निघून गेले होते. ती मुलगी आमचं गाव सोडून गेली. तिच्यासाठी आम्ही काही करू शकलो नाही. पुढचं सगळं ऐकताना हे विसरू नका.

नंतर आम्ही आठजणी दर रविवारी दुपारी एकीच्या घरी जमू लागलो. पोहे खायचे आणि एकेक कलम मोठ्यानं वाचायचं. आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. अध्यक्ष व्हायचं तर आधी सलग तीन वर्षं कार्यकारिणीत असायला हवं. आणि सलग तीन बैठकांना गैरहजर राहिलं तर कार्यकारिणीतली जागा आपोआप जाते. ही दोन कलमं शेजारी ठेवून बघा. आमच्यातली एक बाळंतपणात तीन बैठकांना गेली नव्हती, तिची जागा गेली होती. दिवसरात्र बाळंतपणं करणाऱ्यांच्या संघटनेत बाळंतपण ही गैरहजेरी! कुणी मुद्दाम बायकांविरुद्ध लिहिलं असेल असं मला वाटत नाही. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो सभासद होता त्याला बाळंतपण नव्हतं आणि घरी दवाखाना सांभाळायला बायको होती, इतकंच.

नियमाने बाहेर ठेवणं ही गोष्ट जुनी आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनमध्ये १८७३ साली एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टर सभासद झाल्या. १८७८ मध्ये संघटनेनं नियम केला, की यापुढे स्त्रियांना घ्यायचं नाही. त्यांचं सभासदत्व राहिलं, पण मागून येणाऱ्यांना दार बंद झालं. एकोणीस वर्षं त्या तिथं एकट्या बाई होत्या. १८९२ मध्ये तो नियम रद्द झाला. आपल्या रखमाबाई वैद्यकी शिकायला १८८९ मध्ये लंडनला गेल्या, तेव्हा तो लागू होता. परीक्षा पास होण्याइतकी बुद्धी बायकांना आहे हे सिद्ध झालं होतं, तरी संघटनेच्या वहीतली एक ओळ पुरेशी होती. आज अशी ओळ कुणी लिहिणार नाही. आज ते काम रात्री नऊची सभा करते.

आम्ही नियमावलीत आमच्या बाजूचं काय आहे तेही शोधलं. एक दशांश सभासदांनी सह्या केल्या तर विशेष सभा बोलवावी लागते. दुरुस्ती मांडायची तर एकवीस दिवस आधी लेखी द्यायची, आणि हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. आम्ही चौदा सह्या जमवल्या आणि सहा दुरुस्त्या दिल्या.

पहिली: जोडप्यातल्या प्रत्येकाला वेगळी सूचना, वेगळं मत. दुसरी: वार्षिक सभा रविवारी दुपारी, आणि मतदान गुप्त, चिठ्ठीनं. तिसरी: बाळंतपण आणि आजारपण यांची गैरहजेरी धरायची नाही. चौथी: छळाच्या तक्रारीसाठी समिती, निम्म्याहून जास्त बायका, एक सदस्य बाहेरच्या स्त्री-संघटनेची. ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्याशी भागीदारी किंवा नातं असलेल्यानं निर्णयात बसायचं नाही, दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि तक्रारदार बाईला पहिल्याच दिवशी कायद्यातला मार्ग आणि मुदत लेखी कळवायची. संघटनेची समिती ही कायद्याच्या समितीऐवजी नाही, हे आम्ही मुद्दाम लिहिलं. नाहीतर पुन्हा ‘आपसात’च मिटलं असतं. पाचवी: गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ज्याची वैद्यकीय नोंदणी निलंबित होईल, त्याचं सभासदत्वही तितका काळ निलंबित. सहावी: कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा बायकांना.

चौथ्या दुरुस्तीवर सगळ्यात जास्त गदारोळ झाला. “हे काय कारखान्यातलं युनियन आहे का?” असं एकजण म्हणाले. तेव्हा आम्ही त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१२ चा निकाल ठेवला. पुण्याच्या ‘आलोचना’च्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्रावरून सुरू झालेला हा खटला. १९९७ च्या विशाखा निकालातली तत्त्वं वकिलांच्या, डॉक्टरांच्या, वास्तुरचनाकारांच्या संघटनांनीही पाळली पाहिजेत, आणि ती पाळली जातात हे बार कौन्सिल, मेडिकल कौन्सिल यांसारख्या संस्थांनी पाहावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या मेडिकल कौन्सिलच्या जागी २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आहे. आमच्या सभेतल्या कितीजणांनी हा निकाल वाचला होता? मीही त्याच महिन्यात वाचला होता.

२०१७ च्या त्या सभेला ६२ जण मतदानाला होते. ४२ मतं हवी होती, आम्हाला ३८ मिळाली. चार मतांनी सगळं पडलं. आणि आमच्या स्वतःच्या सह्या करणाऱ्या पाचजणी त्या दिवशी आल्या नव्हत्या. एकीची इमर्जन्सी खरी होती. एकीच्या घरी पाहुणे होते. एकीला नवऱ्यानं सांगितलं होतं, की त्या सरांकडून आपल्याला केसेस येतात. मी तिला दोष देत नाही. पण बाहेरच्या पुरुषांनी आम्हाला हरवलं एवढंच सांगितलं तर ते अर्धसत्य होईल.

२०१८ मध्ये पुन्हा मांडलं. या वेळी कोण कुणाचा दवाखाना सांभाळणार याची यादी आम्ही आधी केली. काही पुरुष सहकाऱ्यांनी सांगून ठेवलं, की त्या दिवशी आम्ही थांबतो, पण मत द्यायला येऊन जाऊ. चार दुरुस्त्या मंजूर झाल्या. पाचवी आणि सहावी पडली. गर्भलिंगनिदानावर व्यासपीठावरून सगळे बोलतात, पण स्वतःच्या वहीत कलम घालायला हात उचलत नाहीत. राखीव जागांना “गुणवत्ता” आडवी आली. २ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिथल्याच वकिलांच्या संघटनेच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना ठेवायला सांगितलं. तो आदेश छापून आम्ही फाइलला लावला आहे. सहावी दुरुस्ती परत येणार आहे.

नव्या समितीकडे आजवर दोन तक्रारी आल्या. तपशील सांगता येणार नाही आणि सांगूही नये. दोन्ही वेळा तक्रार करणारी बाई अजून आमच्याच गावात काम करते आहे, एवढं सांगते.

शेवटी एक विनंती. घरी जाऊन आपापल्या संस्थेची नियमावली मागा. देत नसतील तर नोंदणी कार्यालयात दाखल झालेली असते, फी भरून नक्कल मिळते. ती मिळाली की चार प्रश्न विचारा. सूचना कुणाच्या नावानं येते? सभा किती वाजता असते? कुणाला काढायचा अधिकार कुणाला आहे, आणि काढण्याआधी ऐकून घेतात का? माझ्यावर अन्याय झाला तर मी कोणत्या कलमाखाली लिहू? उत्तर सापडलं नाही, तर एकटीनं वाचू नका, चारजणी जमवा. आणि आमच्यासारखं सोळा वर्षं थांबू नका. गाव सोडून गेलेली ती मुलगी जाईपर्यंत आमचं वाचून झालं नव्हतं.