रस्ता ओलांडायची जागा मागून घेऊ या

आज हप्त्यांवर नाही, रस्त्यावर बोलायचं आहे.

परवा आमच्या गटाच्या बैठकीला एक मावशी उशिरा आल्या. पासबुक पुढे करताना त्यांचा हात थरथरत होता. रस्ता ओलांडताना उभ्या पिकअपच्या मागून मोटारसायकल आली आणि पदराला घासून गेली. मावशी म्हणाल्या, "चूक माझीच, नीट बघितलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "मग ओलांडायचं कुठून होतं?" कुणालाच सांगता येईना. कारण तिथे ना पांढरे पट्टे, ना गतिरोधक, ना दिवा.

नारायणगाव, मंचरला पुणे-नाशिक महामार्गाचं बाह्यवळण झालं. लांबची वाहनं बाहेरून जाऊ लागली, पण गावातला जुना रस्ता मोकळा झाला नाही. एसटी, शाळेची पोरं, टोमॅटोचे क्रेट भरलेले पिकअप, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळं तिथूनच. आणि ज्यांची वस्ती एकीकडे, शेत दुसरीकडे, त्यांना महामार्गच ओलांडावा लागतो.

१३ फेब्रुवारी २०२३ ची रात्र आठवा. याच महामार्गावर, खेड तालुक्यात शिरोलीजवळ, मंगल कार्यालयातल्या स्वयंपाकाच्या कामाला पुण्याहून आलेल्या बाया बसमधून उतरून रस्ता ओलांडत होत्या. गाडीने त्यांना उडवलं. पाच जणी गेल्या. आपल्यासारख्याच, रोजगाराला निघालेल्या.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती आपल्यापाशी पोचलेली असते. म्हणून एसटीतून उतरलं की बस निघून जाऊ द्या, मगच ओलांडा. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. अंधारात मोबाईलची बॅटरी लावा. लेकराचं मनगट धरा, नुसतं बोट नको.

पण आपण कितीही जपलं तरी ओलांडायला जागाच नसेल तर काय उपयोग? ती मागावी लागते. प्रत्येक गटाने आठवडाभर वहीत लिहावं: बाया-पोरं कुठून ओलांडतात, कोणत्या वेळी, कुठे थोडक्यात वाचलं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे हा विषय मांडा, ठरावात लिहून घ्या, अर्ज दिला की पोच घ्या. रस्ता नेमका कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे हे ग्रामपंचायतीत विचारा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. गावातल्या रस्त्यावर पट्टे, गतिरोधक, दिवा मागा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा देत नाहीत. तिथे भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल मागा.

अपघात दिसला तर घाबरून निघून जाऊ नका. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला मदत करणाऱ्यावर बालंट येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण दिलं आहे. पोलिसांना नाव सांगायचं की नाही, हेही आपल्या मर्जीवर.

आमच्या गटाने वही सुरू केली आहे. पहिली नोंद मावशींनीच सांगितली. या वेळी "चूक माझीच" असं त्या म्हणाल्या नाहीत. "इथे पट्टे पाहिजेत," असं म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. जपून जा, जपून या.