टिपूची मुलं आणि कॉर्नवॉलिसचा चौथरा

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या संग्रहालयात इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा उंच संगमरवरी पुतळा आहे. लंडनच्या थॉमस बँक्सनं घडवलेला हा पुतळा 1800 साली मद्रासेत आला. लोक मान वर करून पुतळा बघतात आणि पुढं सरकतात. पाहायचा तो चौथरा! इंग्रजांशी लढाई हरल्यावर टिपू सुलतानानं तहाची हमी म्हणून आपली दोन मुलं ओलीस दिली, तो प्रसंग त्यावर कोरलेला आहे.

तारीख 26 फेब्रुवारी 1792, जागा श्रीरंगपट्टणसमोरची इंग्रजांची छावणी. अब्दुल खालिक असेल दहाएक वर्षांचा, मुइझुद्दीन आठेक. अंगात पांढरी मलमल, डोईला लाल पागोटं, गळ्यात मोती. मुलं हत्तीवरून आली, तोफांची सलामी झडली. कॉर्नवॉलिसनं दोघांना जवळ घेतलं, एकेक सोन्याचं घड्याळ दिलं. पोरं गहाण ठेवून घ्यायची आणि थाट मात्र मुंजीचा!

इंग्लंडला या प्रसंगाचं वेडच लागलं. चित्रकार रॉबर्ट होम निदान त्या मोहिमेत लष्कराबरोबर होता; आपल्या चित्रात त्यानं कडेला स्वतःलाही उभं केलं. माथर ब्राउननं मात्र हिंदुस्थानात पाऊलही न टाकता, लंडनमध्ये बसून चित्र रंगवलं. अशा चित्रांच्या छापील प्रती निघाल्या, विकल्या गेल्या.   

या चित्रांत माया भरपूर दिसते, हिशेब कुठंच नाही. तहात टिपूचं निम्मं राज्य गेलं, वर 3 कोटी 30 लाखांची खंडणी. तिचे हप्ते फिटेपर्यंत मुलं मद्रासेत राहिली आणि 1794 साली बापाकडे परतली. आणि हे सगळं एकट्या इंग्रजांचं काम नव्हे. निजाम त्यांच्या बाजूला होता, आणि आपले सरदार हरिपंत फडके अन् परशुरामभाऊ पटवर्धनही. या तहानं मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. त्या दोन पोरांच्या ओलिसात आपलाही वाटा होता, हे मराठी माणसानं कबूल करावं.

चेन्नईला गेलात तर हा चौथरा जरूर पाहा. शुक्रवार तेवढा टाळा. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.