पाच तारखेचा हप्ता, सात तारखेचा पगार



अध्यक्षीय भाषणाचा विषय जितका विशाल तितके भाषण वजनदार, असा एक समज आपल्याकडे आहे. तो आज मी मोडतो आहे. माझा विषय फक्त एका महिन्याचा आहे, खरे तर त्या महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांचा. पगार झाला नाही तर घर किती दिवस चालते, आणि कशावर चालते? बेकारीवर आपल्या अर्थशास्त्रात कपाटे भरतील इतके लिहिले गेले आहे, दारिद्र्यावर त्याहून अधिक. पण नोकरी शाबूत आहे, पगार ठरलेला आहे, आणि या महिन्यात तो आलेला नाही, या अवस्थेला आपल्या पाठ्यपुस्तकांत धड नावही नाही. ‘पगार लांबला’, ‘पगार तुंबला’ हे शब्द कामगारांनी घडवले. आपण ते अजून उचललेले नाहीत.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सगळ्यांना पाठ आहे: बचत करा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. हे उत्तर चूक आहे असे मी म्हणत नाही, पण ते प्रश्नाच्या एकाच टोकाला धरून आहे. घराकडे किती आहे, यावर चुकलेल्या पगाराचा घाव ठरतो त्याहून अधिक तो घराची कोणती देणी आठ-पंधरा दिवस थांबू शकतात, यावर ठरतो. रिझर्व्ह बँकेने तरुण रामदोराई यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या घरगुती वित्त समितीचा 2017 चा अहवाल पाहा. सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेत 77 टक्के वाटा घर-जमिनीचा, 7 टक्के इतर टिकाऊ वस्तूंचा, 11 टक्के सोन्याचा आणि उरलेला 5 टक्के वाटा ठेवी, विमा, समभाग अशा वित्तीय मालमत्तेचा आहे. म्हणजे घर गरीब आहे असे नव्हे. त्याची श्रीमंती भिंतींत आणि बांधावर अडकलेली आहे. दोन खोल्यांतली अर्धी खोली विकून कोणी महिन्याचे वाणसामान भरत नाही. सोने तेवढे अपवाद. सोनेतारण कर्ज एका दुपारी मिळते, म्हणून आपल्या घरांतला खरा आपत्कालीन निधी आजही बाईच्या हातात आणि गळ्यात आहे. तो मोडायचा की नाही, हे मात्र बहुधा तिला विचारून ठरत नाही. या बाजूवर आपल्या परिषदेत निबंध यायला हवेत.

देणी लांबवण्याच्या मुद्द्याला सर्वांत स्वच्छ पुरावा परदेशातून मिळतो, कारण तिथे एक प्रयोग आपोआप घडला. ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेतले संघराज्य सरकार सोळा दिवस ठप्प झाले. सरकारी नोकरांच्या एका पंधरवड्याचा पगार सरासरी 40 टक्क्यांनी कमी आला, आणि तो पुढे पूर्ण मिळाला. एकूण उत्पन्न घटले नाही, फक्त त्याचा दिवस हलला. मायकल गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोकरांच्या खात्यांवरचे व्यवहार तपासले. स्थिर सरकारी नोकरी असलेल्या या माणसांपैकी पुष्कळांकडे हाताशी रोकड फार थोडी होती. तरी ती कोलमडली नाहीत. त्यांनी घरकर्जाचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल काही दिवस पुढे ढकलले, आणि पगार येताच भरून टाकले. तिथल्या घरकर्जात हप्त्याच्या तारखेनंतर दंडाविना काही दिवसांची सवड असण्याची पद्धत आहे. घरे तरली ती या सवडीवर. पुढे 22 डिसेंबर 2018 ते 25 जानेवारी 2019 असे पस्तीस दिवस सरकार बंद राहिले आणि सुमारे 8 लाख नोकरांचे लागोपाठ दोन पगार चुकले, तेव्हा ही सवड अपुरी पडली. म्हणजे सवडीलाही मर्यादा आहे. पण पहिला धक्का ती झेलते, आणि बहुतेक चुकलेले पगार हे पहिल्या धक्क्याइतकेच असतात.

आपल्याकडे ही सवड अपरिचित नव्हती. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यापूर्वी मुंबईच्या गिरण्यांत एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बराच उशिरा हाती पडे, आणि मधले दिवस वाण्याच्या वहीवर निघत. कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना सात तारीख आणि इतरांना दहा तारीख घालून दिली, तरी वही राहिली. गिरणगावाचे सारे अर्थकारणच महिनाअखेरीच्या हिशेबावर उभे होते: वाणी थांबे, चाळीचे भाडे थांबे आणि खानावळवाली थांबे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा ही सवड ताणली जाऊन अखेर तुटली. ज्यांना गाव होते ते कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परतले, कारण गाव ही शेवटची सवड होती. तिथे भाडे नव्हते आणि भाकरीला तारीख नव्हती.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: तुम्ही जुन्या उधारीला सोन्याचा मुलामा देता आहात. ती उधारी फुकट नव्हती. वाण्याच्या भावात ती मुरलेली असे, आणि पठाणाच्या व्याजाच्या गोष्टी गिरणगावात सर्वांना माहीत होत्या. शिवाय कामगाराला मिळालेली सवड दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडत होती. खानावळवालीचेच उदाहरण घ्या. कामगार तिचे पैसे पगाराला देणार. ती मात्र धान्य आज उधारीवर आणणार, त्या उधारीला व्याज देणार, आणि पगार चुकला की तिची चूल आणि तिचे कर्ज एकाच वेळी अडणार. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्यामागचे अर्थशास्त्र हेच आहे. आमच्या पुस्तकांत ज्याला जोखीम हस्तांतर म्हणतात, ते चाळीत एका बाईच्या पोळपाटावर होत होते. तेव्हा जुने दिवस परत आणा असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या व्यवस्थेत धक्का वाटून घेतला जात होता, अन्यायाने का होईना. आजच्या व्यवस्थेत तो वाटण्याची सोयच काढून टाकली आहे.

आजचा नोकरदार काय करतो? घरकर्ज, गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, विम्याचा हप्ता, सगळे त्याने बँकेला आपोआप वळते करायला सांगून ठेवलेले असते. तारीख बहुधा महिन्याची पाच. पगाराला कायद्याने सात तारखेपर्यंत मुभा आहे. 2019 साली संसदेने संमत केलेल्या वेतन संहितेतही मासिक पगारासाठी सात तारखेचीच मर्यादा आहे. म्हणजे मालकाने कायदा तंतोतंत पाळला तरी नोकराचा हप्ता चुकू शकतो! हप्ता बाउन्स झाला की खाते असलेली बँक शुल्क लावते, कर्ज देणारी संस्था वेगळे लावते, आणि पतगुणांकावर त्याची नोंद राहू शकते. आता दोन्ही बाजूंच्या शिक्षा शेजारी ठेवा. खात्यात पैसे नसल्यामुळे कर्जाचे असे वळते करणे फसले आणि नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, तर 2007 च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याच्या कलम 25 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि वेळेवर पगार न देणाऱ्या मालकाला 1936 च्या कायद्यात, 2005 च्या दुरुस्तीनंतरही, शिक्षा होती दीड हजार ते साडेसात हजार रुपये दंडाची. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याखाली मजुरी पंधरा दिवसांपुढे गेली तर भरपाईचा दर दिवसाला 0.05 टक्के ठरवला गेला. तीन हजारांची मजुरी अडली तर दिवसाचा दीड रुपया. त्याच मजुराचा हप्ता चुकला तर शुल्क शेकड्यांत. उशिराची किंमत घेणाऱ्यासाठी एक आणि देणाऱ्यासाठी दुसरी असेल, तर त्या फरकाला बाजार म्हणता येत नाही. तो कायद्याने लिहिलेला आहे.

काटकसरीचा आक्षेप मी शेवटी ठेवला नाही, कारण तो टाळण्यासारखा नाही. लोक महागडे मोबाइल घेतात, लग्नांत पैसा उधळतात, मग पगार लांबला की ओरडतात, असे म्हटले जाते. काही घरांबाबत ते खरेही आहे. पण पाच तारखेचा हप्ता आणि सात तारखेचा पगार यांतले दोन दिवस काटकसरीने कमी होत नाहीत. शिवाय ज्यांना बचतीचा उपदेश करायचा त्यांची नोकरी कशी आहे, हेही पाहावे. देशातल्या कामकऱ्यांपैकी नियमित पगारावर असलेले साधारण पाचात एक. आणि श्रमबल सर्वेक्षण सांगते, की शेतीबाहेरच्या अशा पगारदारांतल्या निम्म्याहून अधिकांकडे लेखी करारच नाही. ज्याच्या पगाराची तारीख कुठे लिहिलेलीच नाही, त्याने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा ही अपेक्षा मला सोयीची वाटते. सांगणाऱ्याला सोयीची. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा पर्याय काही जण सुचवतील. त्यावर वेळ घालवत नाही: महिनाभराच्या उशिराला वर्षभराचे व्याज जोडणारी सोय ही सवड नव्हे.

अधिक गंभीर आक्षेप कर्ज देणाऱ्यांचा आहे. हप्ते लांबवू दिले तर शिस्त मोडेल, धोका वाढेल, आणि त्याची किंमत वेळेवर फेडणाऱ्यांना चढ्या व्याजाने मोजावी लागेल. याचे उत्तर द्यायला आपल्याजवळ 2020 साल आहे. 27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली आणि 22 मे रोजी ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. टाळेबंदीत पगार द्यावाच, हा केंद्राचा 29 मार्चचा आदेश 18 मेपासून मागे घेतला गेला. हप्त्यांची मुदत मात्र टिकली. पगाराची हमी देणे सरकारला जमले नाही, देणी थांबवणे जमले, आणि बँकव्यवस्था त्याने बुडाली नाही. त्या मुदतीत व्याज चालूच राहिले, व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हेही खरे. धडा असा, की सवडीची किंमत आधी ठरवून ठेवावी, संकट आल्यावर न्यायालयात नव्हे. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने दंडव्याजाला मनाई करून वाजवी दंडशुल्क तेवढे घ्यावे आणि ते मुद्दलात मिळवू नये असे सांगितले, हे त्या दिशेने पडलेले चांगले पाऊल आहे. पण शुल्क कमी होणे वेगळे, तारीख हलणे वेगळे.

तारीख हलण्याचा नमुना आपल्या महाराष्ट्रात दशकानुदशके चालू आहे आणि आपण त्याकडे पाहिलेले नाही. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे सभासदाच्या संमतीने हप्ता थेट पगारातून कापला जातो. हेतू वसुली सोपी करण्याचा होता, घराच्या सोयीचा नव्हता. पण परिणाम पाहा: हप्ता पगाराला बांधलेला असल्यामुळे पगार दहा दिवसांनी झाला तर कपातही दहा दिवसांनी होते. मालकाने कापलेले पैसे संस्थेकडे भरायला उशीर केला, तर तो प्रश्न वेगळा. 2020 च्या दिवाळीआधी एसटी कर्मचाऱ्यांचे पगार थकले तेव्हा या बांधणीचा अर्थ काय होतो, हे अभ्यासायची संधी होती. कोणा विद्यार्थ्याने अजूनही ते करावे. या पद्धतीत खोटही आहे. पगार अर्धाच आला तर आधी हप्ता जातो आणि घराच्या वाट्याला उरेल ते येते. म्हणून नुसती नक्कल नको. हप्त्याची तारीख पगार जमा झाल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी असावी, वर्षातून दोनदा पंधरा दिवसांची सवड करारातच लिहिलेली असावी, आणि पगार उशिरा झाल्याचे दिसत असेल तर बाउन्सचे शुल्क मालकाकडून वसूल व्हावे, असे तीन बदल मी आपल्या चर्चेसाठी मांडतो. तिसऱ्याला सर्वाधिक विरोध होईल. माझ्या मते तोच सर्वांत न्याय्य आहे.

अंगमेहनतीवर रोज कमावणाऱ्यांना यांतले काही लागू पडत नाही, याची मला जाणीव आहे. त्यांची सवड रेशनच्या दुकानात आणि सरकारी दवाखान्यात असते, आणि तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आपल्यापैकी अनेक जण दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन कुटुंबांची सर्वेक्षणे करता. त्या प्रश्नावलीत ‘तुम्ही दरमहा किती बचत करता?’ हा रकाना असतो. यंदा त्याच्याखाली आणखी दोन घाला: ‘तुमचा पगार कोणत्या तारखेला होतो, आणि हप्ते कोणत्या तारखेला जातात?’ आणि ‘या महिन्यात पगार झाला नाही, तर पहिले कोणते देणे थांबवाल?’ पुढच्या अधिवेशनात त्या उत्तरांचे तक्ते घेऊन या.