विलगीकरणाचा खर्च कोणी सोसावा?



साथीच्या दिवसांत बाहेरून येणाऱ्या माणसास काही काळ वेगळे ठेवावे लागते, याविषयी आता कोणाच्या मनात शंका उरलेली नाही. २०२० साली आपण सर्वांनीच तो अनुभव घेतला. परंतु त्या माणसाच्या खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण यांचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न त्या घाईगर्दीत अनेक ठिकाणी अनिर्णितच राहिला.

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि पाठोपाठ १८९७ चा साथरोग अधिनियम आला. त्याच्या दुसऱ्या कलमात प्रवाशांची तपासणी करण्याची व त्यांना वेगळे ठेवण्याची तरतूद आहे. त्यासाठी होणारा खर्च कोणी व कसा सोसावा हे ठरविण्याचा अधिकारही त्याच कलमाने शासनास दिला आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा चाळिसावा अनुच्छेद अधिक स्पष्ट आहे. वास्तव्यासाठी येणाऱ्यांखेरीज इतर प्रवाशांकडून विलगीकरणाचे शुल्क घेऊ नये, असे तो सांगतो. प्रत्यक्षात २०२० व २०२१ मध्ये अनेक राष्ट्रांनी ते घेतले.

आपल्याकडे ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' विमाने सुरू झाली. आखाती देशांतून काम गमावून परतणारे मजूरही त्यांतून आले. २४ मे २०२० च्या केंद्रीय सूचनांनुसार सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरण आणि पुढील सात दिवस घरी, असा नियम झाला. गर्भवती स्त्रिया, घरात मृत्यू घडलेले, गंभीर आजारी, दहा वर्षांखालील मुलांचे आईबाप यांना थेट घरी राहण्याची सवलत देता येत होती. 'मानवी संकट' असाही एक शब्द त्या यादीत होता. खिशात पैसा नसणे हे त्या संकटात मोडते की नाही, हे मात्र लिहिलेले नव्हते. केरळ सरकारने २६ मे रोजी परतणाऱ्यांनी खर्च भरावा असे जाहीर केले आणि टीका होताच, गरिबांवर हा भार पडणार नाही, असा खुलासा दुसऱ्याच दिवशी केला. खुलासा योग्यच होता; तो आदल्या दिवशीच्या घोषणेत असता तर एक रात्र तरी अनेकांना सुखाची झोप लागली असती.

इंग्लंडमध्ये १५ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक देशांतून येणाऱ्या एका प्रौढास हॉटेलातील विलगीकरणासाठी १,७५० पौंड द्यावे लागत. एप्रिल ते ऑगस्ट २०२१ या काळात भारतही त्या यादीत होता. आईवडिलांच्या आजारपणासाठी येथे येऊन परत जाणाऱ्या तिकडच्या मराठी माणसांनाही ही रक्कम चुकली नाही. शासकीय साहाय्यावर जगणाऱ्यांना हप्ते बांधून मिळत. पण हप्त्यांनी कर्ज लांबते, एवढेच. न्यूझीलंडने अडचणीतील माणसास शुल्कमाफीची सोय ठेवली होती. फिलिपाइन्सने परदेशी राबणाऱ्या आपल्या कामगारांच्या मुक्कामाचा खर्च शासकीय कल्याण यंत्रणेमार्फत उचलला. माझ्या मते हीच रीत सर्वांत सरळ.

आता गावाकडे वळू. मुंबई-पुण्याहून परतलेली माणसे २०२० मध्ये गावोगावच्या शाळांत राहिली. शिक्षकमंडळींना हे सांगावयास नको. डबा बहुधा घरून येई. ज्याचे गावात कोणी उरलेले नाही, त्याचा डबा कोणी आणावयाचा? खर्चाच्या धास्तीने असा माणूस अलीकडच्या थांब्यावर उतरून रात्री आडवाटेने घर गाठतो, आणि मग तपासणीचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. सवलतीसाठी त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागणे तर निव्वळ विसंगत होय. खोलीत बंद असलेला माणूस तहसील कचेरीत जाणार कसा? त्याच्या तोंडी सांगण्यावर त्यास आत घ्यावे, पडताळणी मागाहून कार्यालयाने करावी. ही विचारणा चारचौघांत नको. नोंदवहीजवळ बसलेल्या एकाच जबाबदार व्यक्तीने ती हलक्या आवाजात करावी.

येत्या ग्रामसभेत तीन गोष्टींचा ठराव करून ठेवता येईल: कोणत्या खोल्या द्यावयाच्या, स्वयंपाक कोणत्या बचतगटाकडे सोपवावयाचा, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ग्रामनिधीतून किती रक्कम राखावयाची. ठरावाची प्रत शाळेत व आरोग्य उपकेंद्रात लावावी, आणि बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांनाही ती आधीच कळवावी.